साग्रा: इटलीतल्या खेड्यात हातच्या पास्त्याच्या जत्रेला पहिल्यांदा जाताना

जून लागला की इटलीतल्या लहान रस्त्यांवर, चौकाचौकात, विजेच्या खांबांना भडक पिवळी-केशरी पोस्टरं बांधलेली दिसायला लागतात. वर ठळक अक्षरात ‘साग्रा’, त्याखाली एखाद्या पदार्थाचं नाव, गावाचं नाव आणि तारखा. साग्रा म्हणजे गावजत्राच, फक्त तिच्यात देवाच्या जोडीने एका पदार्थाचाही मान असतो. कुठे चेरी, कुठे गोगलगायी, कुठे रानडुक्कर. हा लेख हाताने वळलेल्या पास्त्याच्या साग्रांबद्दल आहे. मिलान, तोरिनो, बोलोन्याला शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांना तो उपयोगी पडेल, आणि रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिसच्या ठरलेल्या सहलीतून एक संध्याकाळ बाजूला काढायची तयारी असलेल्यांनाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: हे हॉटेल नाही. स्वयंपाक गावातल्या बायकांनी आणि बाप्यांनी केलेला असतो, वाढायला गावातलीच कॉलेजची पोरं असतात, आणि पास्ता मोजका असतो. आधीच्या दिवसांत जेवढा वळून झाला तेवढाच. लवकर का जायचं, रांग का लागते, साडेनऊला पदार्थ संपल्याची पाटी का लागते, कुणी ‘सर’ म्हणून स्वागताला का येत नाही, या सगळ्याचं कारण हेच.

आधी गाव निवडा

पास्त्याच्या नावाने साग्रा ढिगाने आहेत, पण सगळ्याच जाण्यासारख्या नाहीत. माझी कसोटी साधी आहे. पोस्टरवरच्या पदार्थाचा त्या गावाशी जुना संबंध असला पाहिजे आणि यादी छोटी असली पाहिजे. जिथे पास्त्याबरोबर बर्गर, पिझ्झा, तळलेले मासे आणि कॉकटेल असं सगळंच मिळतं, तिथला पास्ता कारखान्यातून आलेला असण्याची शक्यता दाट. पोस्टरवर ‘फात्ता आ मानो’, म्हणजे हाताने केलेला, असं लिहिलेलं असेल तर बरं. आणि आयोजक म्हणून ‘प्रो लोको’ हे नाव असेल तर आणखी बरं. प्रो लोको म्हणजे गावाची स्वयंसेवी मंडळी, आपल्याकडच्या उत्सव मंडळाच्या जवळची. इटलीभर अशा सहा हजारांहून जास्त संस्था आहेत. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने निवडक जत्रांसाठी ‘साग्रा दी क्वालिता’ असं मानचिन्हही सुरू केलंय. ते दिसलं तर डोळे झाकून जा.

सुरुवातीला जायला चार ठिकाणं सुचवतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याअखेरीला तोस्कानात, सिएना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चेल्ले सुल रीगो नावाच्या खेड्यात पिचीची साग्रा असते. पिची म्हणजे जाडसर, लांबच लांब, हातावर एकेक करून वळलेली दोरी. उन्हाळा नुकता सुरू होत असतो, पण हवा सुखाची असते.

२३ जूनच्या संध्याकाळी पार्मा शहरात आणि आजूबाजूच्या गावांत संत जॉनच्या नावाने तोर्तेल्ली खायची रीत आहे. पालक-चार्डसारखी पालेभाजी, आणि रिकोत्ता व पार्मिजानो ही दोन चीज यांचं सारण भरलेला हा चौकोनी पास्ता. जेवण उघड्यावरच करायचं, कारण त्या रात्रीचं दव अंगावर पडणं शुभ मानतात. ‘लोण्यात बुडवलेली आणि चीजने पुसलेली’ असं तिथले लोक या तोर्तेल्लीचं वर्णन करतात, आणि ते अजिबात अतिशयोक्त नाही. या एका रात्रीसाठी मात्र बहुतेक ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला मार्के प्रांतातलं काम्पोफिलोने. इथले माक्केरोंचीनी केसासारखे बारीक. पिठात पाण्याचा थेंबही घालत नाहीत, फक्त अंडी, किलोला सात ते दहा. उकळत्या पाण्यात मिनिटभरात शिजतात. २०१३ पासून या पास्त्याला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन आहे.

आणि ऑगस्टच्या मध्याला सालेर्नो जिल्ह्यात, चिलेंतोच्या डोंगरात, फेलित्तो. तिथल्या फुसिल्लीबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण ते वळताना पाहण्यासारखी दुसरी गंमत नाही.

तारीख पोस्टरवरूनच घ्या

साग्रांच्या तारखा दरवर्षी थोड्या सरकतात. इंटरनेटवर हमखास दोन-तीन वर्षांपूर्वीची माहिती वर येते आणि माणूस रिकाम्या चौकात जाऊन उभा राहतो. म्हणून गावाच्या प्रो लोकोचं फेसबुक पान किंवा नगरपालिकेचं संकेतस्थळ पाहा. पोस्टरचा ताजा फोटो आणि त्यावरचं वर्ष तपासा. तळाशी ‘इन काझो दी प्योज्जा’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पाऊस आला तर काय. मंडपात होणार, पुढच्या आठवड्यावर जाणार की रद्द होणार, ते तिथेच कळतं. १५ ऑगस्टच्या आसपास सगळा देश सुटीवर असतो. साग्राही सर्वांत जास्त तेव्हाच, आणि गर्दीही. जमत असेल तर शनिवार टाळून आठवड्यातला मधला दिवस पकडा.

जायचं ठीक, परतायचं कसं?

नवखा माणूस अडकतो तो परतीला. जेवण संध्याकाळी सात-साडेसातला सुरू होतं, बँड नऊला, आणि खेड्यातली शेवटची बस त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. रविवारी तर बसच नसते, किंवा एखादीच असते. वेळापत्रकात ‘फेस्तीवो’ लिहिलेलं असेल तर ती सुटीच्या दिवसाची गाडी, ‘फेरियाले’ म्हणजे कामाच्या दिवसाची, शनिवार धरून. हे दोन शब्द पाठच करा. टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका.

रेल्वेने जाणार असाल तर स्टेशनजवळचं गाव निवडा किंवा त्या रात्री तिथेच मुक्काम करा. काम्पोफिलोने टेकडीवर आहे, पण खाली समुद्रकिनाऱ्यावर पेदासो स्टेशन आहे आणि तिथे राहायची सोयही होते. पिचीच्या गावासाठी जवळचं मोठं स्टेशन क्युझी, पुढे गाडी हवीच. फेलित्तोला सालेर्नोपर्यंत रेल्वे, तिथून डोंगरातला रस्ता. पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं असतं आणि मोबाईलवरच्या तिकिटाचं चेक-इन करायचं असतं. विसरलात तर दंड भरावा लागतो, आणि तिकीट तपासनीस ‘आम्ही नवीन आहोत’ हे रोजच ऐकत असतो.

भाड्याची गाडी सर्वांत सोयीची. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणा. इटलीचे रहिवासी झालात की भारतीय परवाना एकच वर्ष चालतो. जुन्या गावठाणात ‘झेड-टी-एल’चा, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असल्याचा, फलक दिसला की गाडी आत घालू नका, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. साग्राच्या दिवशी गावाबाहेरचं एखादं शेत पार्किंगला मोकळं केलेलं असतं आणि चमकत्या जाकिटातले काका हात हलवून दाखवतात तिकडेच गाडी लावायची. चालवणाऱ्याने वाईन मोजून घ्यावी: मर्यादा रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

खिडकी, कागद आणि पेन्सिल

आता मुख्य भाग. पोचल्यावर आधी टेबल शोधायला धावू नका. आधी ‘कास्सा’ शोधा, म्हणजे पैसे घेणारी खिडकी. रांग दिसेल तीच. काही ठिकाणी लाल रंगाच्या यंत्रातून आकड्याची चिठ्ठी ओढायची असते. सगळे नुसते घोळक्यात उभे असतील तर चिठ्ठीचीच पद्धत आहे असं समजा आणि आधी ती घ्या.

रांगेशेजारी एका टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिली असतात. कागदावर सगळे पदार्थ, त्यापुढे किंमत आणि एक रिकामी चौकट. चौकटीत किती ताटल्या हव्यात तो आकडा लिहायचा. बरोबरची खूण करू नका: चार जण असाल आणि नुसती खूण केलीत तर एकच ताटली येईल. वर बहुधा ‘तावोलो’ आणि ‘कोपेर्ती’ असे दोन रकाने असतात, टेबल नंबर आणि माणसं किती. टेबल नंबर विचारला असेल तर कुणा एकाला बसायला जागा धरून ठेवू द्या, बाकीच्यांनी रांगेत राहावं. विचारला नसेल तर पैसे भरल्यावर जागा शोधायची.

कागद खिडकीवर नेऊन द्या. आतल्या बाई तो वाचतील, एखादी चौकट मोठ्याने म्हणून दाखवतील आणि मान हलवून ‘फिनीती’ म्हणतील, म्हणजे तो पदार्थ संपला. वाद घालण्यात अर्थ नसतो, दुसरी चौकट भरायची. पैसे तिथेच द्यायचे. पास्त्याची ताटली साधारण ७ ते १० युरोंना पडते. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालायला लागलंय, पण यंत्र बंद असण्याचा योग नेमका आपल्या वेळी येतो आणि खेड्यात एटीएम असेलच असं नाही. दहा-वीसच्या नोटा खिशात असू द्या.

हातात पावत्या पडतील, कधी एकच, कधी तीन वेगवेगळ्या: स्वयंपाकघराची, पेयांची, गोडाची. त्या फाडून टाकू नका, त्या दाखवल्याशिवाय काही मिळत नाही. पेयं बहुतेक वेळा वेगळ्या टपरीवरून स्वतः आणायची. पाणी फुकट नाही, बाटली विकत घ्यायची: साधं हवं असेल तर ‘नातुराले’, बुडबुड्याचं हवं असेल तर ‘फ्रिझान्ते’. जेवण काही गावांत टेबलावर येतं, काही गावांत तुमचा नंबर पुकारला जातो. इटालियन आकडे शंभरापर्यंत कानावरून घालून गेलात तर बरं, नाहीतर पावती शेजारच्या आजोबांना दाखवा. ते तुमच्यापेक्षा जास्त काळजीने ऐकत बसतील.

बसायला लांबच लांब बाकं आणि टेबलं असतात, वर कागद अंथरलेला. अनोळखी कुटुंबाच्या शेजारी बसायचं हीच रीत. बोट दाखवून ‘ए लीबेरो?’ एवढं विचारलं की पुरे. टीप ठेवायची पद्धत नाही. पैसे द्यायचेच असतील तर देणगीची पेटी असते, किंवा लॉटरीचं तिकीट घ्या. नफा गावाच्याच कामाला जातो.

मागवायचं काय? मी म्हणेन, ज्याच्या नावाने साग्रा आहे तेवढंच. कागदावर भाजलेले सॉसेज, बटाट्याचे काप, मिश्र तळण असं बरंच असतं आणि भुकेल्या पोटी आकडे भराभर लिहिले जातात. ते सगळं कुठेही मिळतं. त्याऐवजी एकाच पास्त्याचे दोन प्रकारचे रस्से मागवा आणि वाटून खा. अर्ध्या तासाने पुन्हा भूक लागली तर पुन्हा रांगेत उभं राहता येतं, मात्र तोवर तो पदार्थ शिल्लक असायला हवा.

शाकाहारी असाल तर

हा भाग नीट वाचा, कारण नुसत्या नावावरून अंदाज चुकतात. ‘रागू’ म्हणजे मांसाचा रस्सा, त्यात बहुधा बीफ किंवा पोर्क, कधी दोन्ही. ‘ओका’ म्हणजे हंस, ‘आनात्रा’ बदक, ‘चिंग्याले’ रानडुक्कर. ‘इन ब्रोदो’ लिहिलेलं असेल तर पास्ता मांसाच्या पाण्यात शिजलेला आहे, वरून कितीही सात्त्विक दिसला तरी. टोमॅटोच्या रश्श्यातही काही गावांत मांस शिजवून बाहेर काढतात, म्हणून ‘सेंझा कार्ने?’, मांसाशिवाय का, हे तोंडाने विचारायचंच.

अंडं चालत नसेल तर उत्तरेकडचे बहुतेक ताजे पास्ते बाद. दक्षिणेत मात्र चित्र बदलतं. पुल्या प्रांतातले ओरेक्किएत्ते (इवल्या कानांसारखे) आणि काव्हातेल्ली हे पास्ते नुसत्या ड्युरम गव्हाच्या बारीक रव्याचे आणि पाण्याचे असतात. तोस्कानातली पिचीही मुख्यतः मैदा, पाणी आणि थोडं तेल, तरी काही घरी अंडं घालतात, ‘सेंझा उओवा?’ असं विचारून घ्या. ‘पिची आल्लाल्योने’ हा शाकाहाऱ्यांचा हक्काचा पदार्थ: टोमॅटो आणि कियाना खोऱ्यातला तो प्रचंड पाकळ्यांचा, सौम्य लसूण. पुल्यात टोमॅटो आणि वर किसलेलं काचोरिकोत्ता चीज. पार्म्याच्या तोर्तेल्लीत मांस नसतं, अंडं असतं.

चीजबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानेच, करतात, तसा नियमच आहे. पेकोरीनोचंही साधारण तेच. काटेकोर शाकाहारी असाल तर ‘सेंझा फोर्माज्जो’ म्हणा, वाढणारी मुलगी दुखावल्यासारखं बघेल, पण चीज घालणार नाही. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांची इथे खरोखर अडचण होते, त्यांनी घरून खाऊन निघालेलं बरं. गव्हाची ॲलर्जी असेल तर ‘सेंझा ग्लूतिने’ची पाटी असलेलीच साग्रा निवडा. जिथे दिवसभर मैदा उडतोय तिथे आयत्या वेळी वेगळी सोय होत नाही.

तिखटाचं म्हणाल तर ‘पेपेरोंचीनो’ मागितलं की मिरचीचं तेल मिळतं. लोणच्याची बाटली पिशवीतून बाहेर काढायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. निदान पहिले चार घास तसेच खाऊन पाहा.

वळताना पाहायचं असेल तर

बहुतेक जण जेवायच्या वेळी जातात आणि जेवून परततात. शक्य असेल तर तासभर आधी जा. बऱ्याच साग्रांत मंडपाच्या एका कडेला लाकडी फळ्या मांडून बायका सगळ्यांसमोर पास्ता वळत बसलेल्या असतात.

फेलित्तोची फुसिल्ली घ्या. दुकानात मिळणाऱ्या स्क्रूसारख्या फुसिल्लीशी हिचं फक्त नावाचं नातं. मळलेल्या पिठाची दोरी करायची, तिचे बोटभर तुकडे पाडायचे. तुकड्यावर एक बारीक लोखंडी काडी आडवी ठेवायची, हलकेच दाबायची, आणि दोन्ही तळव्यांनी ती फळीवर मागे-पुढे फिरवायची. पीठ काडीभोवती गुंडाळलं जातं आणि फिरता फिरता दोन्ही बाजूंना लांब होत जातं. वीतभर झालं की एका हाताने काडी धरून दुसऱ्या हाताने नळी सर्रकन ओढून काढायची. सगळं काही सेकंदांत. काडी नीट निघाली तर आतून पोकळ, सरळ नळी. पीठ सैल असेल तर चिकटते आणि फाटते. विदर्भात ज्यांच्या घरी आमरसाबरोबर खायला काडीवर गुंडाळून सरगुंडे करतात त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही, फक्त काडी लोखंडाची आणि वर मटणाचा रस्सा.

पुल्याकडे गेलात तर सुरी बघा. ओरेक्किएत्ते करणारी बाई बोथट सुरीच्या पात्याने पिठाचा नखाएवढा तुकडा फळीवर आपल्याकडे ओढते, तो वळतो, मग अंगठ्यावर उलटा करते. खरखरीत बाजू बाहेर येते आणि रस्सा तिलाच धरून राहतो. म्हणून फळी नेहमी लाकडाचीच, गुळगुळीत दगडावर तो खरखरीतपणा येत नाही.

विचारलंत तर बहुतेक बायका हात घालू देतात. ‘पोस्सो प्रोव्हारे?’, मी करून बघू का, एवढं म्हणा. हात धुतलेले असू द्या, अंगठ्या काढून ठेवा, आणि फोटो काढायच्या आधी विचारा. वाकडी झालेली नळी फेकत नाहीत, तीही कुणाच्या तरी ताटात जाते.

बाकी बारीकसारीक

पो नदीच्या सपाटीवर डास फार, अंगाला लावायचं मलम घेऊन जा. डोंगरातल्या गावी मात्र ऑगस्टातही रात्री शाल लागते. तात्पुरत्या शौचालयात कागद संपलेला असतो, रुमाल जवळ असू द्या. लहान मुलांना बिनधास्त न्या, रात्री अकराला सगळ्या गावाची पोरं चौकात पळत असतात.

जेवणानंतर फळ्यांच्या व्यासपीठावर ॲकॉर्डियनवाली मंडळी चढतात आणि ‘लिश्शो’ सुरू होतो: पोल्का, माझुर्का, वॉल्ट्झ. सत्तरीची जोडपी इतकी सुरेख नाचतात की तरुण मंडळी कडेला उभी राहून बघतात. तुम्हाला कुणी हात धरून ओढलं तर जा, पावलं कुणी मोजत नाही.

घरी न्यायला पास्ता हवा असेल तर ताजा आणि वाळवलेला यांतला फरक लक्षात ठेवा. सारणाचा ताजा पास्ता फ्रिजशिवाय नेऊ नका. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी संपवायचा असेल तरच घ्या. काम्पोफिलोनेचे वाळवलेले माक्केरोंचीनी कागदावर पसरून पाकिटात घातलेले मिळतात आणि महिनोन्‌महिने टिकतात, पण फार ठिसूळ असतात. पुण्या-मुंबईपर्यंत न्यायचे असतील तर सामानाच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत सर्वांत वर ठेवा. शिजवताना घड्याळ समोर असू द्या, पाण्यात पडल्यावर मिनिटभरात बाहेर.